फिलिपाचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुनं टेन्स यंत्र आहे आणि माणसांच्या बोलण्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की माझ्या चिकट पट्ट्या बाईच्या पाठीला लावतात. बारीकशी वीज सोडून मी पाठीत मुंग्या आणतो, म्हणजे दुखण्यावरचं लक्ष थोडं तरी उडतं. ना गोळी, ना सुई. कळ वाढली की बाईनं बटण दाबायचं, मग मी जोर वाढवतो.

इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या आमच्या गल्लीत मी बिस्किटांच्या डब्यातून घरोघर फिरलो. नेताना सगळ्या गोड बोलायच्या. परत यायचो तेव्हा वायरींचा गुंता झालेला आणि बॅटऱ्या तशाच आत. एकदा तर त्या आतच पाझरल्या. तेव्हापासून कुणी कौतुक केलं की मला संशयच येतो.

माझ्याहून संशयी एकच बाई होती, गल्लीतल्याच फिलिपाची सासू डॉरीन. फिलिपाला कळा सुरू झाल्या त्या रविवारी दुपारी ओव्हनमध्ये मांस भाजत होतं. सुनेच्या पाठीवर मला पाहून ती म्हणाली, "हा खेळण्यातला रेडिओ कळा सोसणार होय? आमच्या वेळी आम्ही पलंगाची दांडी धरायचो."

"मला बरं वाटतंय, डॉरीन. तुम्ही बटाटे बघा," फिलिपा हसून म्हणाली.

मी सावध झालो. बरं वाटणारी बाई बटण इतकं घट्ट दाबत नाही.

तिच्या नवऱ्यानं, कॅलमनं, इस्पितळात फोन लावला. इस्पितळ टेकड्यांपलीकडे, चांगलंच लांब. तिथली सुईण बाईशीच बोलते आणि तिच्या आवाजावरून वेळ झाली की नाही ते ठरवते. फिलिपानं बटण दाबून धरलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "रविवारी त्रास देतेय, माफ करा हं. नाही, तसं फार काही नाही. थोडं दुखतंय."

"छान बोलताय की. अजून वेळ आहे. जरा गरम पाण्यात बसा," सुईण म्हणाली.

धादांत खोटं होतं ते, मित्रांनो. बाळ घाईला आलं होतं, ही भिडेपायी गप्प होती, आणि मला तोंड नव्हतं. मी फार घाबरलो.

पाण्यात बसायचं तर मला काढायला हवं. डॉरीननं हात पुढे केला. "आण पोरी ते खेळणं." फिलिपा बटण सोडेना. तेव्हा डॉरीननं तिच्या हाताकडे नीट पाहिलं. अंगठा पांढराफटक पडला होता.

"थोडं दुखतंय म्हणे," डॉरीन पुटपुटली. "कॅलम, गाडी काढ."

"अगं आई, पण सुईण म्हणाली..."

"सुईणीनं हिचा आवाज ऐकलाय, अंगठा नाही पाहिला. आणि तो ओव्हन बंद कर."

मुलगी झाली ती इस्पितळाच्या लिफ्टमध्ये. टेकड्यांवर, भर वाऱ्यात झाली असती तर, या विचारानं अजूनही माझा थरकाप होतो.

घरी आल्यावर डॉरीननं माझ्या बॅटऱ्या काढल्या, वायरी हळुवार गुंडाळल्या. इतक्या वर्षांत हे कुणी केलं नव्हतं. खरं सांगतो, मला भरून आलं.

आता मी थकलोय. मित्रांनो, कामाला आलेली वस्तू नीट ठेवत जा. आणि घरातलं कुणी हसून "मला काही झालं नाही" म्हणालं, तर चटकन विश्वास ठेवू नका. जवळ जा, आणि त्यांचे हात बघा.