कानातली बाई

स्टुडिओच्या दाराशी ही गर्दी! कुणी विसराळू आईला धरून आणलेलं, कुणी स्वतःचं घर न ओळखणाऱ्या बापाला. कारण? ज्या म्हाताऱ्या नटाला पोटच्या मुलीचं नाव आठवत नाही, तो टीव्हीच्या रहस्यमालिकेत पानपानभर संवाद घडाघडा म्हणतो. कशामुळे? महाराजांच्या मंतरलेल्या पाण्यामुळे!

“मेंदू म्हणजे काय? टाकी!” महाराज माईकवरून सांगत होते. “भोक पडतं, आम्ही बुजवतो. गोळ्या घेतल्यात, की भोक मोठं!”

टाळ्या.

(थांबा. आता पडद्यामागे चला.)

तिथे प्रॉम्प्टरबाई बसली होती. ही मालिका मुळात नाटक होतं, तेव्हा तिने तीस वर्षं विंगेतून याच नटाला वाक्यं पुरवलेली. मालिकेत विंग नाही. म्हणून निर्मात्याने नटाच्या कानात वाटाण्याएवढं यंत्र बसवलं आणि हिच्या हाती छोटा माईक दिला. ती कुजबुजायची, तो बोलायचा. महाराज निर्मात्याचेच मेहुणे, हे तिला आज कळलं.

“वहिनी, गोळ्या चालू आहेत ना?” नटाची बायको पाण्याची बाटली घेऊन आत आली, तेव्हा माईक पदराआड करत तिने विचारलं.

“महिना झाला बंद करून. आता गरज काय? फक्त काल हे मला म्हणाले, तुम्ही कोण? महाराज म्हणतात, पाणी वाढवा.”

प्रॉम्प्टरबाईच्या मस्तकात तिडीक गेली. या थापेला आवाज तिचाच होता!

“शेवटचा प्रवेश,” निर्माता डोकावला. “खुन्याचा कबुलीजबाब. लोकांसमोर. दणक्यात होऊ द्या.”

“होईल की.” तिने वही मिटली.

(प्रकाश. नट उभा. तोच जुना खर्ज.)

“मला काहीही आठवत नाही. माझ्या उजव्या कानात यंत्र आहे. पडद्यामागची बाई सांगते तेच मी बोलतो. पाण्याने काहीएक झालेलं नाही.”

निर्माता पडद्यामागे धावला. “बाई, माईक सोडा! मेहुण्याची अब्रू जाईल!”

“बाई, माईक सोडा!” नट खणखणीत म्हणाला. “मेहुण्याची अब्रू जाईल!”

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कुणीच हसलं नाही.

वहिनींनी पुढे होऊन नवऱ्याच्या कानातून यंत्र काढलं. तो गप्प झाला. मग वहिनी महाराजांकडे वळल्या. “माझा महिना परत द्या.”

महाराज दार शोधत होते.

प्रॉम्प्टरबाई बाहेर आली. हातात माईक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. “घरी जा. औषध चालू करा. शंका आली तर डॉक्टरांना छळा, भांडा, पण त्यांनाच विचारा. आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला, तर आधी पडदा ओढा. हात जोडायची घाई कसली झालीय तुम्हाला?”