हंडे घेऊन भरलेली ग्रामसभा

मी लाउडस्पीकरचा एक जुना कर्णा आहे. होय मित्रांनो, देवळाशेजारच्या खांबावर तोंड वासून बसलेला तो मीच! आवाज मोठा आणि पोट रिकामं, असं लोक मला चिडवतात. चिडवोत बापडे. माझी कीर्ती सातासमुद्रापार पोचली आहे.

शहरातल्या गुलमंडीवरच्या दुकानातून मला आणलं ते शेंद्रा गावापलीकडच्या या मेंढपाळांच्या वस्तीवर. भजनं गाईन, लग्नं गाजवीन, अशी माझी स्वप्नं होती. पण दुष्काळ पडला. तिकडे शहर वाढत होतं, इकडे आमच्या विहिरी तळाला गेल्या. माझ्या वाट्याला एकच वाक्य उरलं, "टँकर आला!" माझा माइक सांभाळणाऱ्या मल्हारीने ते म्हटलं की बाया हंडे घेऊन धावत सुटायच्या.

त्याच सुमारास शहरातल्या एका संस्थेची सुकेशनी वस्तीवर येऊ लागली. ती सांगे, देशोदेशीच्या संस्था एकत्र आल्या आहेत. सरकारचा पैसा कुठे जातो हे लोकांसमोर उघड व्हावं, असा त्यांचा आग्रह आहे. ठरलेल्या दिवशी सगळीकडे एकच प्रश्न विचारायचा होता: आमच्या पाण्यासाठी अंदाजपत्रकात काय आहे? आमच्या वस्तीसाठी त्यात पाण्याची टाकी धरली होती, हे तिनेच शोधून काढलं. पण ग्रामसभेत जागेचा ठराव झाला नाही, तर मार्चअखेर तो पैसा परत जाणार होता.

तो दिवस उजाडला. ग्रामसेवक देवळापुढे येऊन बसले, पण माणसं मोजकीच. पुरेशी माणसं नसली की सभा होत नाही. सुकेशनीचा चेहरा उतरला. तिने मल्हारीला सभेची हाक द्यायला सांगितलं. मल्हारी गडबडला आणि सवयीने बोलून गेला, "टँकर आला!"

मग काय विचारता! हंडे, घागरी, ड्रम घेऊन सगळी वस्ती लोटली. टँकर नाही हे कळताच बाया मल्हारीवर तुटून पडल्या. तेवढ्यात वस्तीतल्या वडीलधाऱ्या वच्छलाबाई पुढे आल्या आणि हंडा पालथा घालून त्यावर बसल्या.

"भाऊसाहेब, पाणी नाय तर पाण्याचा पैसा कुठं हाय ते तरी वाचा," त्या ग्रामसेवकांना म्हणाल्या. "ऐकल्याबिगर आम्ही उठत नाय."

सगळ्याच बसल्या. ग्रामसेवक माइकवर वाचू लागले आणि मी असा गरजलो म्हणून सांगू! टाकीची जागा ठरली, ठराव झाला. आनंदाने माझा पत्रा थरथरत होता.

संध्याकाळी सुकेशनीच्या मोबाइलवर केनियातली नाइसुला दिसली. तीही मेंढपाळच, आणि तिच्या वस्तीनेही तोच प्रश्न विचारला होता. हंड्यांची हकिकत ऐकून तिचं हसू थांबेना. तिने मला बघायला मागितलं! पुढे त्यांनीही एका झाडाला कर्णा बांधला. मला भाऊ मिळाला, मित्रांनो!

टाकी झाली, टँकर बंद झाला, आणि मला सगळे विसरले. माझ्या तोंडात गांधीलमाश्यांनी घर केलं. यंदा नाइसुलाने विचारलं, तुमच्या अंदाजपत्रकात या वर्षी काय आहे? कुणालाच सांगता येईना. वच्छलाबाई चिडल्या. त्यांनी मला साफ करवून घेतलं आणि मल्हारीला बजावलं, "औंदा खरं सांग."

"अंदाजपत्रक वाचतोय, या," मल्हारी म्हणाला. माझा जीव टांगणीला लागला. पाणी मिळणार नसताना कोण येणार?

आले! झाडून सगळे आले, आणि एकाच्याही हातात हंडा नव्हता.

मित्रांनो, विचारायची सवय आणि माझ्यासारखा कर्णा, दोन्ही वापरली नाहीत तर गंजतात. तेवढं गंजू देऊ नका.