बिनटिपक्याचे बोल्ट

मित्रांनो, भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेला, मूठ झिजलेला लांबट पाना दिसतो ना, तो मी. मला टॉर्क पाना म्हणतात. इतर पाने नुसता जोर लावतात. बोल्ट किती घट्ट करायचा, ते मला कळते. माझी मूठ फिरवून आकडा लावला की पोटातली स्प्रिंग दाबली जाते. बोल्ट तेवढा आवळला गेला की मी 'कट्' असा आवाज करतो आणि तिथेच थांबायचे असते. शेजारच्या हातोड्याला हा माझा शिष्टपणा वाटतो. वाटू दे, त्याला थांबणे कधी जमलेच नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण तिथले मला फारसे आठवत नाही. माझे खरे आयुष्य या पत्र्याच्या गॅरेजमध्ये मिस्त्रींच्या हातात सुरू झाले. मागच्या दोन खोल्यांत मिस्त्री आणि त्यांची थोरली बहीण राहत. ताईंची मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात होती. मिस्त्रींचे केस पांढरे झाले होते, तरी ताई त्यांना छोटूच म्हणत.

त्या दोघांची कामाची एक रीत होती. मिस्त्री बोल्ट आवळत आणि माझा आवाज झाला की शेजारी स्टुलावर बसलेल्या ताई म्हणत, "ऐकला." मग त्या बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा टिपका लावत. टिपका म्हणजे हा बोल्ट झाला. आवळणाऱ्याने स्वतः टिपका लावायचा नाही, हा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता.

"छोटू, हा झाला नाही. मी ऐकला नाही."

"अगं, झाला की. मी काय खोटं बोलतोय?"

"मग परत कर. कान माझे आहेत, तुझे नाहीत."

मिस्त्री पुटपुटत पुन्हा माझ्यावर हात ठेवत. काम आटोपले की ताई मला पुसत, मूठ उलटी फिरवून माझा ताण सोडत आणि पेटीत ठेवत. "त्यालाही पाठ टेकू दे," असे म्हणत. मला त्यांचे हे बोलणे फार आवडे.

मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली वडिलांची जुनी गाडी होती. दोन्ही भावंडे तिच्यावरच चालवायला शिकली होती. पुढे ताई आजारी पडल्या. स्टुलावर बसवेना, जेवण जाईना. एकदा त्या म्हणाल्या, "बाबांच्या गाडीचा आवाज तेवढा परत ऐकायचाय रे." दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींनी इंजिन खोलले.

काम वाढत गेले. जुन्या गाडीचे सुटे भाग सहजासहजी मिळत नाहीत. तोवर ताईंना दवाखान्यात ठेवावे लागले. एका दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा मी मिस्त्रींच्या हातातच होतो.

"आज ये ना जरा. बसू बोलत."

"हेड बसवलंय, ताई. बोल्टना शेवटचा हात द्यायचा राहिलाय. उद्या गाडी घेऊनच येतो, खिडकीतून ऐक."

"आणि टिपके कोण लावणार?"

"तुझ्यासाठी ठेवतो."

"बरं," ताई म्हणाल्या. "घाईने काही करू नकोस मात्र."

हेड म्हणजे इंजिनावरचे जाड झाकण. त्याचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला आवळत न्यायचे असतात, तेही टप्प्याटप्प्याने. मिस्त्री तसेच करत होते. दर वेळी मी 'कट्' म्हटले की ते स्टुलाकडे बघत आणि बिनटिपक्याचा बोल्ट तसाच ठेवून पुढच्याकडे वळत. निम्मे बोल्ट झाले आणि पुन्हा फोन वाजला. या वेळी ताई बोलत नव्हत्या, दवाखान्यातली माणसे बोलत होती. मिस्त्रींनी मला इंजिनावर ठेवले आणि ते तसेच काळ्या हातांनी धावत सुटले. ते पोचले तेव्हा ताई गेल्या होत्या.

नंतर गाडीवर पुन्हा ताडपत्री पडली आणि तिच्याखाली मीही राहिलो. मिस्त्रींनी इंजिनांचे काम घेणेच सोडले. पंक्चर आणि ब्रेक एवढ्यावर ते भागवू लागले. माझा आकडा मात्र तसाच लावलेला होता. वर्षानुवर्षे स्प्रिंग दाबलेली राहिली आणि तिचा जीव कमी होत गेला. बाहेरून कुणाला काही दिसले नसते. खरे सांगू? मिस्त्रींचेही तसेच झाले होते.

मग ताईंची मुलगी परत आली. तिने ताडपत्री उचलली.

"मामा, हे असंच ठेवलंस?"

"टिपके राहिलेत," मिस्त्री म्हणाले.

तिने ताडपत्री पुरती बाजूला केली आणि म्हणाली, "मी आवळते. टिपके तू लाव."

"अर्धवट सोडलेलं हेड तसंच पुढं नेता येत नाही, बाळा. सगळं खोलायचं, सांध्यातलं गॅस्केट नवं, आटे साफ करून पहिल्यापासून."

"मग खोलू."

त्यांनी सगळे खोलले. पुन्हा जुळवताना तिने मला एका नव्या पान्याशी ताडून पाहिले. मी फार लवकर 'कट्' म्हणालो. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मिस्त्रींनी मला हातात घेतले. "स्प्रिंग बसली याची," ते म्हणाले. "त्याचा दोष नाही. मीच ताणून ठेवला." त्यांनी माझी मूठ हळूहळू उलटी फिरवली, मला पुसले आणि या खिळ्याला अडकवले. इतक्या वर्षांनी माझी पाठ टेकली.

हेडचे काम नव्या पान्याने केले. मिस्त्री ताईंच्या स्टुलावर बसले होते. पहिला आवाज झाला, पण त्यांचा ब्रश हवेतच राहिला.

"मामा, झाला का?"

"ऐकला," मिस्त्री म्हणाले. टिपका बोल्टवरून खाली ओघळला.

काही दिवसांनी गाडी सुरू झाली. भाचीने इंजिन चालू ठेवले. मिस्त्री उठले आणि शेडची खिडकी सताड उघडून तिथे उभे राहिले. बाहेर नुसता रस्ता होता. "उद्या येतो म्हणालो होतो," असे म्हणून ते लहान मुलासारखे रडले.

मित्रांनो, माझ्यासारख्या पान्याने काम केलेत तर उठताना त्याचा ताण सोडायला विसरू नका. आणि काम अर्धे असताना कुणी आपल्या माणसाने नुसते बसायला बोलावले, तर हातातला पाना खाली ठेवून जा. बोल्ट थांबतात.