पटावरची इफरा

गावच्या मराठी शाळेचा पट वीसच्या खाली गेला की सरकार शिक्षकाचा पगार बंद करणार, आणि मग ग्रामपंचायत घरपट्टी वाढवून आपला शिक्षक ठेवणार. वाढ कुणावर? आम्हा आखातवाल्यांवर. घरं आमचीच मोठी आणि वर्षाचे दहा महिने कुलपात! म्हणून तीन वर्षांपूर्वी सुट्टीत मी शहाणपणा केला. इथे सौदीत, जेद्दात शिकणाऱ्या माझ्या इफराचं नाव गावच्या पटावरही घातलं. आमच्यातल्या पाच-सहा जणांनी तेच केलं. जुलै-ऑगस्टात पोरं तिथे खरंच वर्गात बसायची, तेवढीच आमची लाज राखली जायची.

गेल्या जानेवारीत इफरा तापाने गेली. इथेच जेद्दात पुरली.

"पट बरोब्बर वीस आहे, सिराजभाई," सरपंच नसरुद्दीन फोनवर म्हणाला. "नाव इतक्यात काढू नका." मी नाव तसंच राहू दिलं. घरपट्टी वाचत होती ना.

बलदमधलं, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातलं, माझं हाजींच्या इहरामच्या कापडाचं दुकान उशिरा उघडतं. एके सकाळी आठ वाजता बघतो, तर माझी बायको साबिरा स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर ठेवून उभी. गावात तेव्हा साडेदहा, हजेरीची वेळ. शाळेच्या सुखदाबाई आपला फोन टेबलावर चालू ठेवून नावं घेत होत्या.

"इफरा सिराजुद्दीन."

"हजर, बाई."

मी चहाचा कप ओट्यावर ठेवून साबिराकडे बघितलं.

"इथल्या पोरांची हजेरी वर्गातली पोरं देतात," साबिरा म्हणाली. "इफराची झेबा देते. मी रोज ऐकतंय."

रागवायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी आठच्या आधीच मी स्टूल ओढून बसलो. महिनाभर आम्ही दोघं तसेच बसलो. पोर घरात परत आल्यासारखं वाटायचं, आणि त्याचीच मला भीती वाटायला लागली.

मग एका बुधवारी साबिराने विचारलं, "बाई, आज झेबाचा आवाज बसलाय काय?"

"झेबा चार दिवस आजोळी गेलीय," बाई म्हणाल्या.

"मग हजेरी कोणी दिली?"

"मला वाटलं, मागच्या बाकावरून कुणीतरी..."

साबिरा हसली. किती महिन्यांनी! मी मात्र स्टूलावरून उठलो.

त्याच आठवड्यात एका सकाळी पट तपासायला साहेब शाळेत आले. त्यांनी पालकांना फोन लावले.

"मुलगी रोज शाळेत येते ना?" त्यांनी मला विचारलं.

साबिरा माझ्यासमोर हात जोडून उभी होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

"ती वारली, साहेब," मी म्हणालो. "नाव काढा."

पट एकोणीस झाला. बाईंची बदली झाली, पंचायतीने दुसरा शिक्षक ठेवला. घरपट्टी दुप्पट आली, ती मी निमूट भरली. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी फोन ठेवल्यावर साबिरा रडली नाही, ओरडली नाही. ओढणी सारखी करत म्हणाली, "पहिल्या वेळेला चार माणसं होती संगती. आज तुम्ही एकट्याने पुरलंत तिला."