फडक्याखालचा लाल खटका

मित्रांनो, मी एक जुना लाल खटका आहे. एका छोट्या घरगुती विमानात राहतो. घरगुती म्हणजे खरोखरच घरगुती. दातांच्या डॉक्टरांनी ते स्वतःच्या हॉलमध्ये बांधलं. एक पंख जेवणाच्या टेबलाला लागून होता. डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या बाई, पाहुण्यांना सांगत, "पंखाला टेकू नका. पुढे आम्हाला त्याच्या भरवशावर उडायचंय."

विमानाच्या शेपटीवर एक पट्टी असते. छोटी मोटर ती वर-खाली हलवते, म्हणजे नाक हवं तिथे राहतं आणि विमान चालवायची दांडी सतत ओढून धरावी लागत नाही. मोटरचं बटण दांडीच्या टोकावर, डॉक्टरांच्या अंगठ्याखाली. मोटर ऐकेनाशी झाली तर तिची वीज तोडायची, एवढ्यासाठी मी, समोरच्या फळीवर. म्हणजे दुसऱ्याचं डोकं फिरलं तरच मला काम. अशाला मित्र कुठून मिळणार? मोटर तर पार शेपटीत राहते. आमची भेटही झालेली नाही.

बसवलं त्या दिवशी डॉक्टरांनी मला खाली केलं, मोटर थांबली, ते "शाब्बास" म्हणाले. तो माझा शेवटचा सत्कार. पुढे बटणाला रोज अंगठ्याची ऊब आणि माझ्यावर चष्मा पुसायचं फडकं. त्या अंधारात मी वर्षं काढली. प्रत्येक उड्डाणाआधी डॉक्टर बाईंना बजावत, कशालाही हात लावायचा नाही. बाई फोटो काढायला बसल्यासारख्या हात मांडीवर ठेवून बसत.

एका दुपारी, वर आकाशात, ते बटण आतल्या आत अडकलं. अंगठा उचलला तरी मोटर पळतच राहिली. नाक खाली झुकलं. डॉक्टरांनी दांडी दोन्ही हातांनी ओढून धरली. माझ्यापर्यंत पोचायला तिसरा हात हवा होता. मला बसवताना त्यांनी तो गृहीत धरला असावा.

"लाल खटका खाली कर," दाढ काढताना वापरतात त्या आवाजात ते म्हणाले.

"हात लावू नको म्हणाला होतात."

"अगं, आता लाव."

"पण लाल कुठाय? इथे तुमचं फडकं आहे."

"फडक्याखाली."

फडकं उडालं. उजेड आला, आणि मग एक बोट. मोटर थांबली. पट्टी मात्र होती तिथेच राहिली आणि नाक खाली ओढतच होतं. बाईंनीही दांडी धरली, तेव्हा डॉक्टरांचा एक हात सुटला. त्यांनी वेग कमी केला, दांडी जरा हलकी झाली. दोघं ती ओढून धरतच उतरले. विमान थांबल्यावरही कितीतरी वेळ दोघांनी ती सोडली नाही.

आता बटण नवं आहे. मीही दांडीवर राहायला आलोय, हात न सोडता बोट पोचेल असा. उड्डाणाआधी बाई मोटर चालू करतात, मला खाली करतात आणि विचारतात, "आहेस ना?" मोटर थांबते. तेच माझं उत्तर. मग मला वर करतात, आणि उतरेपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडेही असा कोणी असेल, ज्याचं काम पडू नये असंच सगळ्यांना वाटतं. त्याच्यावर फडकं टाकू नका. जमिनीवर असतानाच एकदा विचारा, आहेस ना म्हणून. एकदाच विचारलं तरी पुरतं. तेवढं मी पुरवून पुरवून वापरतो.