सिद्धव्वाची तक्रार

बसवकल्याणच्या नव्या वसाहतीत सिद्धव्वाच्या घराला लागूनच एक मोकळा प्लॉट होता. मालक नागेश बीदरला नोकरीला. वडील पिराजींनी घेऊन ठेवलेल्या त्या जागेकडे तो कैक दिवसांत फिरकला नव्हता. प्लॉटात काँग्रेस गवत कमरेइतकं वाढलं होतं, येणारा-जाणारा कचरा टाकत होता, आणि एक दिवस तिथलाच साप मोरीतून सिद्धव्वाच्या न्हाणीत आला. साप आपणहून निघून गेला, पण सिद्धव्वाचं डोकं काही थंड होईना. ती तडक नगरसभेत जाऊन तक्रार देऊन आली.

एक गोष्ट मात्र तिने तिथे सांगितली नाही. त्याच प्लॉटात, आपल्या भिंतीकडची पट्टी साफ करून तिने अंबाडी, भेंडी आणि तांदुळजा लावला होता. कुणाला विचारलं नव्हतं. विचारायला मालक तरी कुठे होता? आणि भाजी म्हणजे काही घाण नव्हे, मग सांगायचं काय?

नगरसभेने नागेशला नोटीस धाडली: प्लॉट साफ करा, कुंपण घाला, नाहीतर दंड भरा. शनिवारी सकाळी तो जेसीबी घेऊनच आला. सिद्धव्वाने त्याला मोठ्या मायेने चहा पाजला. तक्रार कुणी केली असेल, असं तो म्हणाला तेव्हा तिने आणखी साखर हवी का विचारलं.

थोड्या वेळाने नगरसभेच्या आरोग्य निरीक्षक नेत्रावती स्कूटीवरून आल्या आणि काम सुरू झालं. गवत उपटलं जात होतं तोवर सिद्धव्वा दारात उभी राहून समाधानाने बघत होती. मग मशीन भिंतीकडे वळलं. ती अनवाणीच धावली आणि अंबाडीपुढे जाऊन उभी राहिली.

"हितं न्हाई," ती म्हणाली. "ही भाजी हाय."

नेत्रावतींनी समजावून सांगितलं, की आदेश सगळ्या प्लॉटाचा आहे. तांदुळजा तर कुठंही उगवतो, तो भाजी की तण हे ठरवत बसलं तर दिवस जाईल. सिद्धव्वाचं म्हणणं, जे शिजवून खातात ती भाजी. जेसीबीवाल्यालाही ते पटलं. काल रात्री त्याच्या घरी तांदुळजाच होता. त्याने मशीन बंद केलं.

नेत्रावती वैतागल्या. "अव्वा, तक्रार तुम्हीच दिलात की. सगळा प्लॉट साफ करा म्हणून तुमचीच सही हाय."

सिद्धव्वाने पदर डोक्यावर ओढला. नागेश जवळ आला.

"अक्का, मला कामून न्हाई सांगितलात?"

"तुझा नंबर कुठं हाय माझ्याकडं?" ती पुटपुटली. मग म्हणाली, "अन् सांगितलं असतं, तर भाजीचं बी सांगावं लागलं असतं."

नागेशला हसू आवरेना. हसता हसताच त्याने नेत्रावतींना सांगितलं, की मालक म्हणून आपली काही हरकत नाही, ही पट्टी राहू द्या. त्यांनी जरा विचार केला. लावलेल्या भाजीला त्यांचीही ना नव्हती. कचरा नको आणि पाणी साचायला नको, एवढंच. मग त्यांनी अंबाडीमागचं, भाजीच्या पाण्याचं पिंप दाखवलं. त्यातल्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. सिद्धव्वाने ते स्वतःच भेंडीत उपडं केलं.

जेसीबी मागे घेताना भेंडीची एक ओळ गेलीच, पण तेवढ्यावर भांडायची तिची छाती नव्हती. दुपारी प्लॉट लख्ख झाला, पार पलीकडची गल्ली दिसायला लागली. आणि त्या गल्लीतले काशप्पा, हातात कचऱ्याची पिशवी घेऊन, नेहमीच्या जागी आलेले दिसले. त्यांनी नेत्रावतींना पाहिलं, पिशवी पाठीमागे घेतली आणि आल्या वाटेने परतले.

नागेश सिद्धव्वाकडेच जेवला. ज्वारीच्या कण्या घातलेली अंबाडी आणि भाकरी. पुढच्या महिन्यात त्याने तारेचं कुंपण घातलं. रस्त्याच्या बाजूला मोठं फाटक बसवलं, त्याला कुलूप लावलं. सिद्धव्वाच्या बाजूला मात्र, तिला वाकावं लागू नये इतकं उंच, एक छोटं फाटक ठेवलं आणि त्याला नुसती कडी बसवली.