हरेश्वरचं घर विकणे आहे

अलिबागेत बंदराकडे जाणाऱ्या त्या आळीत एवढं मोठं घर दुसरं नव्हतं. कोळ्याचं घर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जाळी, सुकट आणि एक पडवी येते. हे मात्र दुमजली होतं, सागवानी जिन्याचं, वर समुद्राकडे उघडणारी गॅलरी असलेलं. हरेश्वर आणि येसाजी या भावांच्या आजोबांचे मचवे मीठ आणि भात घेऊन मुंबईला जायचे, त्या कमाईतून ते उभं राहिलं. आळीतले लोक त्या घराचा तोरा असा मिरवायचे, जसा काही प्रत्येकाने एकेक वासा दिला होता. त्यामुळे येसाजीने घर विकायला काढलं तेव्हा त्याला शहाणपण शिकवायला रोज कोणी ना कोणी ओट्यावर येऊन बसू लागलं. विकत घ्यायला मात्र त्यांतला एकही तयार नव्हता.

येसाजीचं काही चुकत नव्हतं. आजोबांचे मचवे कधीच गेले होते. आता इंजिनाच्या होड्या येऊ लागल्या होत्या, आणि हा दुसऱ्याच्या होडीवर राबून पन्नाशीला टेकला होता. घरात उरली होती तीनच माणसं: तो, त्याची बायको मनुबाई आणि भावजय कोकिळा. घर विकून स्वतःची होडी घ्यायची आणि कोळीवाड्यात दोन खोल्या बांधून तिघांनी राहायचं, असा त्याचा साधा हिशेब होता.

अडलं होतं ते कोकिळेपाशी. अर्धं घर तिच्या नवऱ्याच्या, हरेश्वरच्या नावावर होतं. सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात तो मुंबईहून अवसेला घरी यायला निघाला आणि रेवसला येणाऱ्या रामदास बोटीत बसला. बोट बुडाली. पुढे कितीतरी दिवस थळपासून किहीमपर्यंत जे जे किनाऱ्याला लागलं, ते ते कोकिळा जाऊन बघून आली. दरवेळी "हे न्हवत" म्हणायची आणि घरी येताना तिची पावलं हलकी असायची. दुसऱ्यांच्या घरी रडणं चाललेलं आणि आपल्याला बरं वाटतंय, याची तिला लाज वाटे. पण वाटायचं ते वाटायचंच.

तिचा भरवसा आंधळा नव्हता. कोळ्याच्या मुलीचं लग्न लागलं की तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात. तिने उजवा हात मोकळा ठेवायचा आणि दर्याने तिचं कुंकू राखायचं, अशी बोली. कोकिळेने आपली बाजू पाळली होती. मग दर्या कसा उलटेल? इतकी वर्षं ती ठसठशीत कुंकू लावत होती आणि डाव्या हातात हिरवा चुडा भरत होती. घर विकलं तर माणूस परत येऊन कुठल्या दारात उभा राहील, हा तिचा सवाल होता.

म्हणून गिऱ्हाईक आलं की ती आधी गळकी कौलं दाखवायची. भरतीला विहिरीचं पाणी खारं होतं, असंही धडधडीत खोटं सांगायची. दोन गिऱ्हाइकं तिने अशीच वाटेला लावली.

गिरगावच्या नीराबाईंपुढे मात्र तिची डाळ शिजेना. "कौलं गळतात? शाकारून घेऊ," त्या म्हणाल्या. "पाणी खारं? आणवू दुसरीकडून." जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत त्या वर गेल्या, गॅलरीत उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मुलं इथे निजतील. वारा बघा कसा येतोय!" त्यांच्या शेठनी मान डोलावली. माणसं चांगली होती, हाच कोकिळेला मोठा त्रास झाला. निघताना तिने नीराबाईंना हळदकुंकू लावलं, त्यांनी तिला लावलं.

वकिलाने कागद केले. सात वर्षं ज्याचा पत्ता नाही तो कायद्याने मेलेला धरतात, तेव्हा हरेश्वरची विधवा म्हणून कोकिळेने अंगठा द्यायचा, असं ठरलं. येसाजीने तिला हे जमिनीकडे बघत सांगितलं.

"नुसता अंगठा, वयनी. तुमी कुंकू लावा, चुडा घाला. कोन विचारतंय?"

कोकिळा त्याच्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची आणि पाठ फिरवायची. शेवटी एका दुपारी येसाजी जेवून हात न धुताच पाटावर बसून राहिला आणि म्हणाला, "दादा असता ना वयनी, तर आतावर माजी होडी पान्यात असती."

हे तिला लागलं, कारण ते खरं होतं. आईबापामागे हरेश्वरनेच येसाजीला वाढवलं होतं, स्वतःच्या ताटातला मोठा मासा त्याला देऊन.

"देते अंगठा," ती म्हणाली. "पर ते कागदावर मेले नि माज्या कपालावर जिते, असं मना न्हाय जमनार. आदी त्यांचं सगलं रीतसर करा."

"वयनी, आदी सही होऊ द्या. मंग करू."

"न्हाय. आदी त्यांचं."

विहिरीबद्दल बिनदिक्कत खोटं बोललेली ही बाई नवऱ्याबद्दल मात्र रेसभर खोटं बोलायला तयार होईना.

देह मिळाला नाही की दर्भाचा पुतळा करतात आणि डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. भटजींनी माजघरात पुतळा बांधला. कोकिळा भिंतीशी बसून बघत होती.

"यवढे बुटके न्हवते ते," ती एकदम म्हणाली. "या चौकटीतनं वाकून यायचे."

भटजींनी येसाजीकडे पाहिलं. येसाजीने मान हलवली. दर्भ जोडून पुतळा लांब केला, तेव्हा तो खरोखर हरेश्वरसारखा दिसायला लागला, आणि इतकी वर्षं न रडलेली कोकिळा त्याला मिठी मारून गुरासारखी ओरडली. पुतळा पुढच्या दारातून बाहेर गेला. मनुबाईने तिचं कुंकू पुसलं आणि डाव्या हातातला चुडा फोडला.

तेरावं झालं. ठरल्याप्रमाणे शेठ आणि नीराबाई आले. नीराबाई हसत ओटा चढल्या, आणि कोकिळेचं कपाळ पाहून जागच्या जागी थबकल्या.

"अगं बाई! हे कधी झालं?"

शेठना कागदांवरून सगळं ठाऊक होतं, त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं. ते खाकरले. कोकिळेने सगळं सरळ सांगून टाकलं: बोट, बांगड्या, पुतळा.

"म्हणजे देह मिळालाच नाही?"

"न्हाय."

"आणि पुतळा ह्याच घरातून नेला?"

"मंग कुटनं नेनार? त्यांचंच घर हाय."

नीराबाईंचा चेहरा उतरला. त्या नवऱ्याकडे वळल्या. "नको हो मला हे घर. पाण्यात गेलेला माणूस घर शोधत येतो म्हणतात. वर माझी मुलं निजायची. कधीतरी तो येईल आणि दारात उभा राहील."

शेठनी समजूत घातली, येसाजीने हात जोडले. त्या पुन्हा आत आल्या नाहीत. टांगा वळला आणि आळीतून निघून गेला. आता ही बातमी गावभर होणार आणि दुसरं गिऱ्हाईकही येणार नाही, हे येसाजीला कळून चुकलं. तो ओट्यावर मटकन बसला. होडी गेली.

कोकिळा दाराशी उभी होती. इतकी वर्षं तो येईल असं ती एकटीच म्हणत होती, आणि लोक मान हलवून पुढे जात होते. आज एका परक्या बाईने ते खरं मानलं होतं. आणि आपण मात्र त्याला आधीच दाराबाहेर काढून अग्नी देववला, तेही आपल्याच हट्टापायी.

"जाऊ द्या, वयनी," येसाजी डोळे पुसत म्हणाला. त्याही स्थितीत त्याला तिचीच समजूत घालायची होती. "तुमचं घर तरी राह्यलं."

"राह्यलं," कोकिळा म्हणाली. "पर आता मी हितं बसून कुनाची वाट बघू, भाऊजी?"